पट 9, हजर 9
वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

मे महिना आला की या सदराची पत्रं बदलतात. एरवी मुलाचं अक्षर, पाढे, अभ्यासाला न बसणं असले प्रश्न असतात. यंदा निम्म्याहून जास्त पत्रांत एकच विचारणा आहे : आमची शाळा जूनमध्ये उघडेल ना? म्हणून या वेळची सगळी जागा त्यालाच दिली आहे.

प्रश्न : बाई, नमस्कार. आमची वाडी तीस-बत्तीस उंबऱ्यांची. जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते चौथी, पट 11. माझी मुलगी दुसरीत आहे आणि मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. मागच्या महिन्यात साहेब आले आणि म्हणाले, पट कमी आहे, मुलांना खालच्या गावच्या शाळेत समायोजित करायचंय, पालकांनी संमतीच्या सह्या द्या. खालची शाळा कागदावर एक किलोमीटरच्या आत दाखवली आहे. मध्ये ओढा आहे. चार घरांनी मुलं आधीच इंग्रजी माध्यमाला घातली, त्यांना व्हॅन न्यायला येते. राहिलो आम्ही मोलमजुरी करणारे. सह्या नाही दिल्या तर चालतं का? पुढं काय करायचं?
— एक आई, पाटण तालुका

उत्तर : ताई, सही करू नका. बाकीचं सावकाश सांगते, पण हे आधी. तुमच्यावर सहीची सक्ती कुणीही करू शकत नाही. आणि एकदा ती झाली की फाइलवर ‘पालकांची संमती आहे’ एवढंच वाक्य उरतं. त्याच्यापुढं तुमचा ओढा, पाऊस, रान काहीही वाचलं जात नाही.

हे मला ठाऊक आहे, कारण तसं वाक्य मी लिहिलं आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारी, होते. केंद्रातल्या एका वाडीच्या शाळेचा पट 9 वर आला. वरून तक्ता आला : शाळेचं नाव, पट, जवळची शाळा, अंतर. आठ दिवसांत भरून द्यायचा होता. मी नकाशावर पट्टी ठेवली आणि अंतराच्या रकान्यात 0.9 किलोमीटर लिहिलं. ती वाट तेव्हा मी चालले नव्हते. गाडीनं डांबरी सडकेवरून जायची आणि यायची. पालकांच्या सह्या एका दुपारी घेतल्या. निम्म्या अंगठे होते. लोकांनी विचारलं, बाई, मुलांचं नीट होईल ना? मी म्हटलं, मोठ्या शाळेत जास्त चांगलं होईल. तेव्हा मला तसं खरंच वाटत होतं.

जूनमध्ये शाळेचं सामान ताब्यात घ्यायला गेले. डेडस्टॉक रजिस्टर उघडून खुर्ची, टेबल, तराजू, नकाशे मोजत होते. फळा पुसलेला नव्हता. उजव्या कोपऱ्यात खडूनं लिहिलं होतं : दि. 30 एप्रिल, पट 9, हजर 9. शेवटच्या दिवशी एकही मूल गैरहजर नव्हतं. मी दाराला कुलूप लावलं.

जुलैत एका सकाळी मात्र त्या वाडीतून मुलांबरोबर खाली चालत गेले. पहिलीतली एक मुलगी माझं बोट धरून होती. ओढ्यापाशी आल्यावर तिनं चपला काढल्या, एकमेकींवर आपटून चिखल झाडला आणि दप्तरात पुस्तकांच्या शेजारी ठेवल्या. कुणी सांगावं लागलं नाही, रोजचं होतं ते. साकव म्हणजे दोन ओंडके आणि धरायला एक तार. मोठी मुलं आधी पलीकडे गेली, दप्तरं ठेवून परत आली आणि धाकट्यांना घेऊन गेली. शाळेच्या दारात पोचलो तेव्हा घड्याळात पन्नास मिनिटं झाली होती. नकाशावरचं 0.9 पायाखाली अडीच किलोमीटरच्या घरात भरलं. दिवाळीनंतर त्या नऊपैकी सहाच मुलं येत होती. न येणाऱ्या तिन्ही मुली. नावं मात्र तिघींचीही रजिस्टरवर होती, त्यामुळं गळतीच्या रकान्यात शून्यच गेलं. माझी सही त्या तक्त्याखाली अजून कुठल्यातरी कपाटात असेल. म्हणून तुमचं पत्र आलं त्या रात्रीच उत्तर लिहायला बसले.

आता तुमचं काम. पहिलं, वाट मोजा. शेवटच्या घराच्या उंबऱ्यापासून खालच्या शाळेच्या दारापर्यंत, मुलं जातात त्याच पायवाटेनं. तीन-चार आया मिळून जा, सोबत सर्वांत लहान मूल घ्या आणि त्याच्या पावलानं चाला. मोबाइलवर चाललेलं अंतर दिसतं, त्याचा फोटो ठेवा. वहीत लिहा : किती वाजता निघालो, ओढ्यापाशी किती वाजता, शाळेत किती वाजता. पाऊस लागला की पुन्हा जा आणि भरलेल्या ओढ्याचा फोटो काढा. रानात गवे, बिबट्या दिसला असेल तर कधी, कुठं, कुणाला, तेही लिहा. ही वही तुमचा वकील आहे.

कायदा तुमच्या बाजूला आहे, तो नीट समजून घ्या. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. त्याच्या कलम 6 प्रमाणं मुलांच्या वस्तीजवळ शाळा देणं हे शासनाचं आणि स्थानिक संस्थेचं काम आहे. महाराष्ट्राच्या 2011 च्या नियमांत हे ‘जवळ’ पहिली ते पाचवीसाठी 1 किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी 3 किलोमीटर असं बांधून दिलं आहे. डोंगर, पूर, दरड, रस्ता नसणं असं असेल तिथं हे अंतर आणखी कमी धरावं, असं केंद्राच्या नियमांत आहे. आणि पट कमी म्हणून शाळेला कुलूप लावा, असं केंद्राच्या कायद्यात कुठंही नाही. परिशिष्टात उलट लिहिलंय : प्राथमिक शाळेत 60 पर्यंत मुलं असली तर दोन शिक्षक द्या. साहेब बोलायला आले की विचारा, अंतर कुणी मोजलं, कोणत्या वाटेनं, कोणत्या तारखेला.

हे विचारायला माहितीचा अधिकार आहे. साध्या कागदावर अर्ज आणि दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मागा : समायोजनाच्या प्रस्तावाची प्रत, अंतर मोजल्याचा पंचनामा असल्यास तो, आणि तुमच्या नावानं काही संमती जोडली असेल तर तिची प्रत. हे शेवटचं विसरू नका.

दुसरं, तुमची समिती. तुम्ही ‘समितीवर आहे’ असं सहज लिहिलंत, पण ती जागा लहान नाही. कायद्यानं त्या समितीत 75 टक्के पालक असतात आणि निम्म्या महिला. बैठक घ्या, विषय एकच ठेवा, इतिवृत्त लिहून घ्या, सगळ्यांच्या सह्या करा. मग ग्रामसभा. महिलांची सभा आधी होते, तिथंच हा विषय पक्का करा म्हणजे मोठ्या सभेत तुम्ही एकट्या पडणार नाही. गणपूर्तीला मतदारांचे 15 टक्के किंवा 100 जण, यांतला जो आकडा कमी तो लागतो. वाडीतली माणसं कामाला गेलेली असतात, म्हणून तारीख आठवडाभर आधी घरोघर सांगा. ठरावात ‘शाळा चालू राहावी अशी विनंती’ एवढंच नको. मोजलेलं अंतर, ओढा, मुलांची संख्या, पुढच्या तीन वर्षांत पहिलीला येणाऱ्या मुलांची यादी, सगळं घाला. ती यादी अंगणवाडीताईंकडून मिळते. ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, शिक्षणाधिकाऱ्यांना आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना द्या. प्रत्येक ठिकाणी आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. तोंडी ‘बघतो’ला काही किंमत नसते.

एवढं करूनही शाळा बंद केली, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 खाली जिल्हा परिषदेकडे लेखी तक्रार करता येते. तीन महिन्यांत निकाल द्यावा लागतो आणि पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे जाता येतं.

मोर्चाचं मी नाकारत नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची मुलं शेळ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेच्या दारात गेली होती. दप्तरं परत घ्या आणि आम्हाला शेळ्या द्या, असं ती म्हणत होती. शाळा गेल्यावर मुलांच्या हाती काय येतं हे त्यांनी दाखवून दिलं आणि सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. पण मोर्चा परतल्यावर टेबलावर कागद राहतो. तो तुमचा असला पाहिजे.

आता अवघड भाग. त्या चार घरांवर रागावू नका. तुम्ही स्वतः त्यांच्या ओट्यावर जाऊन बसा. व्हॅनचे पैसे महिन्याला किती जातात, पोरगं किती वाजता घर सोडतं, घरी आल्यावर काय वाचून दाखवतं, हे विचारा. आणि मुख्य म्हणजे, आपल्या शाळेत काय कमी वाटलं म्हणून गेलात, ते विचारा. ऐकून घ्या, वाद घालू नका. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येतं : इंग्रजी, आणि गुरुजी मीटिंगला गेले की शाळा बंद. पहिल्याचा उपाय शाळेतच आहे. आपल्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, ते मुलं बोलताना कधी दिसत नाहीत एवढंच. गुरुजींना म्हणा, शनिवारी मुलांना मंदिराच्या ओट्यावर बसवा, मराठी वाचू द्या, इंग्रजी बोलू द्या, सगळ्या वाडीला ऐकू द्या. दुसऱ्याचा उपाय म्हणजे दुसरा शिक्षक, तो ठरावात मागा. अकराचे तेरा झाले तरी फाइलवर फरक पडतो. तेरावं मूल त्या चार घरांतलं असेल तर वाडीतही पडतो.

प्रश्न : बाई, मी पुण्यात नोकरी करतो, गाव चिपळूणकडचं. तुमच्या विद्यार्थ्यांच्या वयाचा आहे. रागावू नका, पण सात-आठ मुलांची शाळा ठेवून काय मिळतं? चार इयत्ता, एक शिक्षक, खेळायला भिडू नाही. त्यापेक्षा दहा वाड्यांची मिळून एक मोठी शाळा, गाडीची सोय, संगणक, मैदान, हे बरं नाही का? समूह शाळेला लोक उगाच विरोध करतात असं वाटतं.
— एक चाकरमानी

उत्तर : रागवायचं काय त्यात? तुझा प्रश्न प्रामाणिक आहे. कबड्डीचा सामना सात मुलांत होत नाही, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा होते, गायन होतं, भांडायला आणि मैत्रीला पुष्कळ मुलं मिळतात. हे सगळं खरं आहे.

पण क्रम बघ. सप्टेंबर 2023 मध्ये शिक्षण आयुक्तांनी पत्र काढून जिल्ह्यांकडून समूह शाळांचे प्रस्ताव मागवले. नमुना म्हणून पानशेत आणि नंदुरबारचं तोरणमाळ पुढं ठेवलं. त्याच्या वर्षभर आधी, 2022 मध्ये, वीसच्या आत पट असलेल्या शाळांची माहिती गोळा केली गेली. अशा शाळा 14 हजार 783 भरल्या आणि त्यांत मुलं 1 लाख 85 हजारांवर. म्हणजे सरासरी एका शाळेत बारा-तेरा. त्याच्याही आधी, 2017 च्या डिसेंबरात, दहाच्या आत पटाच्या सुमारे 1,300 शाळा बंद करायचं ठरलं होतं. तेव्हाही गावं उठली होती. या प्रत्येक वेळी सुरुवात आकड्यानं झाली. गाडी येईल का, सडक आहे का, पावसाळ्यात घाट बंद झाला तर मुलांनी कुठं जायचं, हे नंतर.

मी तुझ्याशी एवढं कबूल करते : आधी सडक होऊ दे. मग गाडी सुरू होऊ दे, वाडीच्या तोंडाशी येऊ दे, आणि एक पूर्ण वर्ष पावसाळ्यासकट रोज धावू दे. गाडीत एक बाई सोबतीला असू दे. तोवर वाडीची शाळा चालू राहू दे. वर्षानंतर आयाच म्हणाल्या की मोठी शाळा बरी, तर मी स्वतः सामान मोजायला येईन. आज जे होतं त्यात कुलूप आधी लागतं आणि गाडीचं आश्वासन मागून येतं. वाहतूक भत्ता मिळेल म्हणतात, पण जिथं वाहनच जात नाही तिथं भत्त्यावर बसून मूल शाळेत कसं जाणार?

आणि लहान शाळेला कमी लेखू नकोस. चार इयत्ता एका खोलीत असल्या की पहिलीचं पोर तिसरीचे पाढे नुसते ऐकून शिकतं. चौथीतली मुलगी धाकट्याला अक्षरं गिरवून देते आणि तिचं स्वतःचं पक्कं होतं. शिक्षकाला प्रत्येक मुलाच्या घरात काय शिजतं हे माहीत असतं. मी स्वतः पंधरा वर्षं असे वर्ग घेतले. त्यातल्या मुलांना मोठ्या शाळेतल्यापेक्षा कमी येत होतं असं मला कधी दिसलं नाही. कमी पडत होता तो दुसरा शिक्षक. मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे हे ठरवणाऱ्या, नव्या निकषांनी ते आणखी अवघड केलंय. लहान शाळेत आधी शिक्षक कमी करायचा, मग शिकवणं बिघडतं म्हणून पालक मुलं काढतात, मग पट आणखी उतरतो आणि मग पटाकडे बोट दाखवलं जातं. आकडा आपोआप उतरत नाही रे, तो असा उतरवला जातो.

तू पुण्यातून काय करू शकतोस, हे विचारलं नाहीस तरी सांगते. गावाकडच्या मंडळींचा व्हॉट्सॲप ग्रुप असेलच. ग्रामसभेला, जी तारीख असेल त्या दिवशी, मतदार म्हणून हजर राहा. पाच जण मुंबई-पुण्याहून केवळ शाळेसाठी आले हे सरपंचाला दिसू दे. आणि एक काम तुम्ही शिकलेली मुलंच चांगलं कराल : शाळेची जागा कुणाच्या नावावर आहे ते काढा. सातबारा, आठ-अ, बक्षीसपत्र, जे असेल ते. आपल्याकडे आजोबांनी तोंडी दिलेल्या जागेवर शाळा उभ्या आहेत आणि नातवंडांना त्याचा पत्ता नाही. शाळा बंद झाली, इमारतीचं निर्लेखन झालं, म्हणजे ती सरकारी नोंदीतून काढली, की पहिला प्रश्न जागेचा निघतो.

प्रश्न : आमच्या वॉर्डातली महापालिकेची मराठी शाळा एक कंपनी दत्तक घेणार आहे. रंग, बेंच, संगणक देणार, शाळेपुढं त्यांचं नाव लागणार. काही पालक खूश आहेत. मला भीती वाटते की हे खासगीकरणच आहे. माझी भीती बरोबर आहे का?
— एक पालक, ठाणे जिल्हा

उत्तर : भीती बाळगा, पण कागद वाचून बाळगा. 18 सप्टेंबर 2023 चा दत्तक शाळेचा शासन निर्णय आहे, तो मिळवा. देणगीदार पाच किंवा दहा वर्षांसाठी शाळा दत्तक घेऊ शकतो आणि त्याला हवं ते नाव तेवढ्या काळापुरतं शाळेच्या नावाला जोडता येतं. त्यासाठी देणगीचं मोल अ आणि ब वर्गाच्या महापालिकेत पाच वर्षांना 2 कोटी रुपये, दहा वर्षांना 3 कोटी. क वर्गात 1 आणि 2 कोटी. ड वर्ग, नगरपालिका आणि ग्रामीण भागात 50 लाख आणि 1 कोटी. देणं वस्तू आणि सेवांच्या रूपात आहे आणि मालकी, कारभार स्थानिक संस्थेचाच राहतो, असं त्यात आहे.

म्हणजे कागदावर शाळा विकलेली नाही. पण तुमच्या भीतीत तथ्य आहे, कारण बेंच देणारा मिळाला की शिक्षक न भरणाऱ्याला सवड मिळते. करारनामा होण्याआधी व्यवस्थापन समितीत वाचून घ्या. मुदत संपल्यावर संगणक दुरुस्त कोण करणार? कंपनीचे कार्यक्रम शाळेच्या वेळात होतील का? मुलांचे फोटो जाहिरातीत वापरणार का? आणि रिक्त पदं किती? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कंपनीकडे नाही, ते आयुक्तांकडून लेखी घ्या. शाळेला दिलेलं जुनं नाव कुणा समाजसेवकाचं, गावाचं असेल तर ते मागं ढकलू देऊ नका.

सरकारनं शिक्षणातून अंग काढून घ्यावं का, हा वाद आजचा नाही. 1882 मध्ये हंटर आयोगापुढं जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. त्यात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा असं मागितलं आणि सरकारनं शाळांमधून मागं सरण्याला विरोध केला. 1917 मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, स्वतःच्या तिजोरीतून. संस्थानच्या तिजोरीपेक्षा आजच्या राज्याची तिजोरी लहान नाही.

केरळातलं एक उदाहरण मी नेहमी सांगते. कोझिकोडजवळ मलापरंबा इथं एक जुनी अनुदानित शाळा होती. तिच्या व्यवस्थापकाला ती बंद करायची होती. एप्रिल 2014 मध्ये, सुट्टीत, रातोरात इमारत पाडली गेली. गावातल्या माणसांनी, शिक्षकांनी, माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून ती पुन्हा उभी केली आणि जूनमध्ये मुलं परत बसली. पुढं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, निकाल शाळेच्या विरोधात लागला आणि 2016 च्या जूनमध्ये मुलांचे वर्ग जिल्हाधिकारी कार्यालयात भरवावे लागले. तरी लोक हटले नाहीत. शेवटी त्याच वर्षी राज्य सरकारनं ती शाळा ताब्यात घेतली. खासगी हातातली शाळा सरकारी झाली, ती लोकांनी सोडली नाही म्हणून.

प्रश्न : आमच्या गल्लीतले लोक म्हणतात, सरकारी शाळा गेली तर जाऊ दे, शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के राखीव जागांतून खासगी शाळेत नंबर लागतोच की. मग?
— एक वाचक, लातूर

उत्तर : सोडतीत ज्याचा नंबर लागला त्याचं भलं होवो. न लागलेल्यांनी कुठं जायचं? तेही जाऊ द्या. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्यानं नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला ते 25 टक्के देण्यातून सूट दिली होती. पालक न्यायालयात गेले आणि 19 जुलै 2024 ला मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. म्हणजे ती दुसरी वाटही लढून राखावी लागली. पहिली मोडून दुसरीवर विसंबू नका.

प्रश्न : मी वाडीवरच्या एकशिक्षकी शाळेत आहे. पट 8. गाव शाळेसाठी उभं राहिलंय. मला त्यांच्या बाजूनं उभं राहावंसं वाटतं, पण नोकरीची भीती आहे. काय करू?
— एक शिक्षक

उत्तर : गुरुजी, मोर्चाच्या पुढं उभं राहू नका. गावाला तुमची गरज शाळेत आहे, निलंबनाच्या आदेशात नाही. तुम्ही समितीचे सचिव आहात, तेव्हा बैठकीचं इतिवृत्त लिहिणं हे तुमचं कामच आहे. ते स्पष्ट लिहा, पालक जे बोलले ते त्यांच्याच शब्दांत घ्या. अंतराचा तक्ता तुमच्याकडे भरायला आला तर माझ्यासारखी पट्टी नकाशावर ठेवू नका. चालून या आणि पायवाटेचंच अंतर लिहा. शून्य पूर्णांक काहीतरी लिहा असा तोंडी निरोप आला, तर ‘लेखी द्यावं’ एवढंच नम्रपणे म्हणा.

आणि हजेरी खरी ठेवा. आठाचे दहा दाखवू नका, गाव वाचवायला म्हणूनही नको. एक खोटं नाव सापडलं की उरलेली आठ खरी मुलंही खोटी ठरतात. सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात पट आणि हजर लिहीत असालच, त्याखाली आता एक ओळ वाढवा. ओढा चढला असेल तर लिहा, ‘ओढ्याला पाणी, हजर 4’. तेच शाळेच्या लॉगबुकात तारखेसकट उतरवा. दिवाळीच्या सुट्टीआधी जून ते ऑक्टोबरच्या त्या पानांची प्रत काढून समितीच्या अध्यक्षांच्या हाती द्या.